पाठमोरा पहारा

"हो," असं रुपराव म्हणाले खरे, पण ते झोपेत म्हणाले.

दवाखान्याच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून ते बसले होते. डॉक्टरीणबाई काय विचारत होत्या ते त्यांच्या कानांपर्यंत येत होतं, पण कानांपासून पुढे जात नव्हतं. त्या वेळी त्यांना सागवानाचा एक लांबलचक ओंडका दिसत होता आणि त्या ओंडक्याला एक कोवळं पान फुटत होतं. पान पुरतं उलगडलं तेव्हा रुपरावांच्या तोंडून आनंदानं "हो" निघालं, आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर त्यांचं नाव लिहून टाकलं.

यात डॉक्टरीणबाईंचा काही दोष नव्हता. रुपरावांची झोप बाहेरून ओळखूच येत नसे. लकडगंजातल्या एका आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवर, ते रात्रीचे चौकीदार होते. रात्रभर कंदील घेऊन ओंडक्यांच्या राशींभोवती फिरायचं आणि सकाळी घरी येऊन झोपायचं, असं इतकी वर्षं चाललं होतं की झोप आणि जाग यांच्यामधला दरवाजा त्यांच्या बाबतीत उघडाच राहून गेला होता. चालता चालता, जेवता जेवता, कधी तर बोलता बोलता ते पलीकडे जाऊन येत. पलीकडे बहुधा चांद्याचं जंगल असे. मशीनवर कापायला आलेले ओंडके तिथे पुन्हा उभे राहत, त्यांच्यावर पाखरं येऊन बसत, आणि रुपराव कंदील विझवून खाली निवांत बसलेले असत. शेठला हे ठाऊक नव्हतं आणि लाकूड कधी चोरीला गेलं नव्हतं, त्यामुळे कोणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते आता. दवाखान्यात आणलं होतं प्रेमिलेला. प्रेमिला म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, अनंताची बायको. तिला क्षय झाला होता. इथले जुने म्हातारे डॉक्टर महिन्याच्या गोळ्यांची पुडी हातात देत, "रोज घेत जा, बाई," म्हणत आणि पुढच्या माणसाला हाक मारत. प्रेमिलेनं दोनेक महिने गोळ्या घेतल्या. खोकला थांबला, गालावर रंग आला, आणि पोटात ढवळतं म्हणून तिनं घेणं सोडलं. पुड्या आणणं मात्र सोडलं नाही. सरकारनं एवढं प्रेमानं दिलेलं औषध नाकारणं तिला बरं दिसेना, म्हणून दर महिन्याला ती पुडी आणून डाळीच्या डब्यामागे नीट लावून ठेवी. पावसाळा सरला तेव्हा खोकला परत आला आणि या खेपेला सोबत रक्त घेऊन आला.

म्हातारे डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या होत्या, आणि औषध रोग्याच्या हातात न देता थेट पोटात द्यावं अशा ठाम मताच्या होत्या.

"या वेळी मधे सोडलंत तर हे औषध पुन्हा लागू पडायचं नाही," त्या म्हणाल्या. "मग मी भरती करून घेईन. वर्षभर घर दिसणार नाही. आणि त्याच्या पुढचं मी काही सांगू शकत नाही. तेव्हा गोळी कोणीतरी समोर बसून गिळवायची. नवरा काय करतो?"

"मालगाडीवर फायरमन हायेत," प्रेमिला म्हणाली. "आज घरी तं उद्या इटारशी."

"सासू?"

"हाव बाई, मी हाये ना," प्रयागबाई म्हणाल्या. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे हे त्यांनी डॉक्टरीणबाईंना न सांगता कोपऱ्यातल्या वजनकाट्याला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "आणि हे बाकावरचे?"

"ते माहे भासरे. चौकीदार हायेत."

"चौकीदार! मग राखण करणं तर यांचं कामच. काय हो, यांनी रोज सकाळी गोळी गिळलेली तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. नंतर तोंड उघडायला लावायचं आणि जीभ वर करायला लावायची. काही लोक गोळी जिभेखाली ठेवतात आणि परसात जाऊन थुंकतात. बघाल ना?"

नेमकं तेव्हाच ओंडक्याला पान फुटलं.

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, त्यांना भासरा म्हणजे नुसता नवऱ्याचा थोरला भाऊ वाटला. इकडे भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड दाखवायचं नसतं, बोलायचं नसतं, आणि भासऱ्यानंही तिच्या बाजूला मान वर करायची नसते. अनंताचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत रुपरावांना प्रेमिला माहीत होती ती लुगड्याच्या काठावरून, बांगड्यांच्या आवाजावरून आणि ताट सरकवणाऱ्या हातावरून. तिचा चेहरा गोल आहे की लांबट हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाजारात ती समोरून आली असती तर त्यांनी ओळखलंही नसतं. घरात दोनच माणसं होती. जिला बघायची मुभा होती तिला दिसत नव्हतं, आणि ज्याला दिसत होतं त्याला बघायची मुभा नव्हती.

हे सगळं रुपरावांना परत येताना कळलं. सासूसून सायकलरिक्षात आणि ते मागून पायी.

"तू हो म्हटलं गा," प्रयागबाई रिक्षातून म्हणाल्या.

"मी? कवा?"

"आत्ता. बाकावर बसल्या बसल्या."

रुपराव रस्त्यातच उभे राहिले. मागून येणाऱ्या तांगेवाल्यानं त्यांना चार शब्द सुनावले, तेही त्यांना ऐकू आले नाहीत. ते झोपेत होते म्हणून नव्हे, पूर्ण जागे होते म्हणून.

"माय, मी त्यायच्याकडं कसा पाहू?"

"नको पाहू. पन पाह्यलं पायजे," प्रयागबाई म्हणाल्या.

पहिल्या सकाळी रुपराव मशीनवरून आले, भाकर खाल्ली आणि बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. पाठीमागे, दाराच्या उंबऱ्याशी, प्रेमिला तांब्या घेऊन उभी राहिली. घर पूर्वेच्या तोंडाचं. तोंडात पाहायचं तर उजेड हवा, म्हणून तिथे. मधोमध प्रयागबाई बसल्या. भासरा आणि सून यांच्यात थेट बोलणं नसल्यामुळे निरोप त्यांच्यामार्फत जायचे होते.

गटक, असा आवाज आला.

"घेतली काय वं?"

"घेतली, मामीजी." सासूला ती मामीजी म्हणे.

"घेतली म्हणते," प्रयागबाईंनी भिंतीच्या बाजूला कळवलं.

"आवाज तं पान्याचाच आला," रुपराव म्हणाले. "गोळीचा आवाज कसा असते, माय?"

हा मोठा गहन प्रश्न होता. पाण्याचा घोट आणि गोळीसकट घोट यांत कानाला काही फरक कळतो का, हे पाहण्यासाठी प्रयागबाईंनी स्वतः एकदा नुसतं पाणी पिऊन दाखवलं आणि एकदा गुळाचा खडा घालून. दोन्हीचा आवाज सारखाच निघाला. तेव्हा दुसऱ्या दिवशी असं ठरलं की डोळे नसले तरी प्रयागबाईंना बोटं आहेत, तर त्यांनी सुनेच्या जिभेखाली बोट घालून चाचपून पाहावं. त्यांनी घातलं, प्रेमिलेला उमासा आला, तिचे दात मिटले, आणि पुढचे चार दिवस प्रयागबाई हळदीचं बोट घेऊन फिरल्या. गोळी मात्र पोटात गेली होती, कारण उमाशाबरोबर बाहेर काही आलं नाही.

बोट दुखलं ते प्रयागबाईंचं, पण झोप उडाली ती रुपरावांची. ज्या माणसाला झोप यायला बाक पुरत होता त्याला आता खाटेवरही येईना. गोळी गेली की नाही हे नक्की कळल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. ते छताकडे पाहत पडून राहत. त्यांची स्वतःची बायको याच खोकल्यानं गेली होती. तेव्हा गोळ्या नव्हत्या, गरिबाच्या हाती लागेल अशी सुई नव्हती, फक्त दूध-अंडी खा आणि मोकळ्या हवेत बसा असं सांगत. तिला त्यांनी रोज मशीनवरच्या मोकळ्या जागेत नेऊन बसवलं होतं. हवा भरपूर होती, पण ती पुरली नाही. आता निदान गोळी होती, आणि ती खरोखर गिळली जाते का एवढंच पाहायचं होतं, आणि तेवढंच त्यांना करता येत नव्हतं. याचा त्यांना फार त्रास होई.

या त्रासातून आरसा निघाला. दाढीचा, हातभर उंचीचा, लाकडी चौकटीचा आरसा. भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि हातात आरसा धरायचा, म्हणजे पाठमोरंही राहता येईल आणि उंबऱ्याशी काय चाललंय तेही दिसेल. पण आरशात पाहणं हे पाहणं होतं की नाही? हे कोणाला तरी विचारायला हवं होतं. आणि आजाराचं नाव तर काढायचं नव्हतं. गल्लीत कळलं तर या घरचं पाणी कोणी पिणार नाही, शेवया करायला प्रेमिलेला कोणी बोलावणार नाही, हे घरात न बोलताच सगळ्यांना माहीत होतं. खोकल्याला त्यांनी सर्दी म्हणून ठेवलं होतं.

समोरच्या घरात चंपतराव राहत. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या धर्माधर्माचे निवाडे तेच करत, आणि कोणी विचारायला आलं नाही तर स्वतः शोधत जात.

"चंपतराव, एक शंका होती," रुपराव म्हणाले.

"विचारा नं."

"समजा, एका बाईमानसाचं तोंड एखाद्या मानसानं पाहू नये असं हाये. मंग त्यानं आरशात पाह्यलं तं?"

चंपतरावांनी डोळे मिटून सुपारी चघळली. प्रश्न त्यांना फारच आवडला.

"आरशात दिसते ते तोंड नाई, रुपराव. ते काच हाये. काचेले काय नातं असते?"

"म्हंजे चालते?"

"बिनधास्त चालते. मी सांगतो नं. कोनी काई म्हटलं तं माहं नाव सांगा."

रुपराव खूश होऊन घरी आले. पण निवाडा मिळाला तरी अडचण संपली नव्हती. तोंड उघडायचं एकवेळ ठीक, पण जीभ वर करून दाखवायची? थोरल्या भासऱ्याला जीभ दाखवायची? प्रेमिलेला ऐकूनच घाम फुटला.

"अवं, तू आरशाले दाखवून राहिली," प्रयागबाईंनी समजूत घातली. "त्यायले नाई."

अखेर प्रेमिलेनं पदर नाकापर्यंत ओढून फक्त तोंड उघडं ठेवायचं असं ठरलं. दुसऱ्या सकाळी रुपरावांनी आरसा उचलला, नीट रोखून धरला, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. काचेला नातं नसेल, पण डोळ्यांना होतं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आरसा मात्र धरलेलाच ठेवला.

गटक, असा आवाज आला.

"झाली काय, माय?"

"झाली गा. तुले दिसलं नाई काय?"

"दिसलं," रुपराव म्हणाले. त्यांच्या हिशोबानं हे खोटं नव्हतं. आरशाला दिसलं होतं, आणि आरसा त्यांच्या हातात होता.

असं रोज चाललं. रोज पहारा झाला, आणि रुपरावांना बरीच निवांत झोप येऊ लागली. इतकी निवांत की ती आता आवाज व्हायच्या आधीच येऊ लागली. रात्रभर जागलेला माणूस, पाठीवर थंडीतलं कोवळं ऊन आणि डोळे मिटलेले. भाकरीचा वास हळूहळू ओल्या पानांचा व्हायचा, आणि रुपराव कंदील घेऊन सरळ जंगलात शिरायचे. तिथे झाडं एकमेकांना विचारत, "झाली काय?" आणि वरून कुठूनतरी "झाली" असं येई. इकडे हातातला आरसा मात्र हळूच कलायचा.

दारातून आलेलं ऊन आरशावर पडायचं आणि त्याचा कवडसा दारातून परत बाहेर जायचा. गल्ली ओलांडून तो चंपतरावांच्या छपरीत पोचायचा. तिथे सावलीत चंपतरावांची बायको कौशल्या सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असे. पहिल्या दिवशी कवडसा तिच्या सुपात पडला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातावरून चढून नाकावर येऊन थांबला. ती सरकली. रुपरावांची मान कलली आणि कवडसाही सरकला. कौशल्येनं समोर पाहिलं तर अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले रुपराव आणि त्यांच्या हातात लखलखणारा आरसा. उंबऱ्याशी दाराच्या फळीआड उभी असलेली प्रेमिला तिला तिथून दिसत नव्हती.

कौशल्या ही पन्नाशीची, रागीट आणि नीटनेटकी बाई. तिला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी तिला राग आलाच, पण तांदूळ निवडायला बसण्याआधी तिनं केस विंचरले होते. हे तिच्या लक्षात आलं नाही. चंपतरावांच्या आलं. निवडलेलेच तांदूळ बायको पुन्हा निवडते आहे, हेही त्यांच्या लक्षात आलं. एक दिवस ते तिच्याजवळ येऊन बसले, कवडसा त्यांच्या चष्म्यावर पडला, आणि त्यांना रुपरावांची शंका आठवली.

"रुपराव! बाहेर या!"

रुपराव आरसा छातीशी धरून आपल्या घरापुढच्या छपरीत आले तेव्हा गल्लीतली सहा-सात माणसं जमली होती. जंगल अजून त्यांच्या डोळ्यांतून पुरतं गेलं नव्हतं.

"हा उजेड कोनाचा?" चंपतराव कडाडले.

"सूर्याचा," रुपराव म्हणाले.

"आन आरसा?"

"आरसा माहा."

"मले इचारत होते, बाईमानसाचं तोंड आरशात पाह्यलं तं चालते काय! मी भोळा मानूस, म्हटलं बिनधास्त चालते. मले का मालूम, ते तोंड माह्याच घरचं हाये म्हणून! वरून म्हटलं, माहं नाव सांगा!"

आता रुपराव जागे झाले. काय घडलंय ते त्यांना एकदम समजलं, आणि खरं सांगितलं तर काय होईल तेही समजलं. मागे दाराआड प्रेमिला उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाजही येत नव्हता.

"मी दात पाहत होतो," ते म्हणाले. "माहे."

"रोज सकाळी? दारात?"

"कीड लागली."

"उघडा तोंड."

रुपरावांनी तोंड उघडलं. चंपतरावांनी त्यांना उजेडाकडे वळवलं, मान मागे करायला लावली, जीभ वर करायला लावली. मागून दोघं-तिघं डोकावले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली तपासणी पहिल्यांदाच अशी शिस्तीत पार पडत होती, फक्त माणूस भलताच होता. दात एकूण एक धड, ओंडक्यासारखे भक्कम.

"एकबी किडका नाई!" चंपतरावांनी जाहीर केलं. "शेठले सांगतो. ज्याची नजर अशी, त्याच्या हाती लाखाचं लाकूड कसं देता म्हनावं."

"अरे सांग नं गा काय ते!" आतून प्रयागबाई ओरडल्या.

"माय, तू चूप राय." रुपरावांनी मान खाली घातली. नोकरी जाणार, गल्लीत मान वर करता येणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. "चुकलं माहं, चंपतराव. कौशल्याबाई, माफ करा."

तेव्हा उंबऱ्यावरून प्रेमिला बाहेर आली. छपरीच्या पायरीवर, भर उन्हात, सगळ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"ते तुमच्या घराकडं नोते पाहत, काका," ती म्हणाली. "ते मले पाहत होते."

जमलेली माणसं पुढे सरकली. हे तर आधीपेक्षा भयंकर होतं. एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. आपण काय बोललो ते प्रेमिलेच्या ध्यानात आलं, पण आता मागे फिरायला जागा नव्हती. तिनं मूठ उघडली. तळहातावर पांढरी गोळी होती. तिनं पदर मागे टाकला, सगळा चेहरा उघडा पडला, गोळी जिभेवर ठेवली, तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि गिळलं. मग भासऱ्याकडे वळून तिनं आ केला आणि जीभ वर उचलली. ती तशीच उभी राहिली.

"मले टीबी हाये," जीभ खाली आल्यावर ती म्हणाली. "मागल्या खेपेले मी गोळ्या खाल्ल्या नाई. आता कोनीतरी पाह्यलं पायजे असं डॉक्टरीणबाईनं सांगतलं. मामीजीले दिसत नाई. भासऱ्यायनं पाहाचं नसते. म्हणून तो आरसा. तुमालेच इचारून धरला."

चंपतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा नकळत नाकाशी नेला. म्हातारी दोन पावलं मागे सरली. प्रेमिलेनं हे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही.

"म्हंजे तो उजेड दवाईसाठी होता?" कौशल्येनं विचारलं. तिच्या आवाजात रागाशिवाय आणखीही काहीतरी होतं. खरं सांगायचं तर ती थोडी निराशा होती.

"हाव, काकू."

"मंग मले नाई काहून सांगतलं वं? मी पाह्यलं असतं. मी काय तुहा भासरा हाये?" कौशल्या तरातरा पुढे आली आणि नवऱ्याच्या नाकावरचा दुपट्टा तिनं ओढून खाली केला. "आन तुमी काय हो रुपराव! गोष्ट गल्लीभर झाली. आता तरी नीट पाह्यलं नं एकडाव?"

सगळ्यांनी रुपरावांकडे पाहिलं. ते आरसा छातीशी धरून उभे होते आणि त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. प्रेमिलेचा पदर मागे गेला तेव्हाच त्यांनी ते मिटले होते. साऱ्या गल्लीनं गोळी गिळताना पाहिली, फक्त सरकारनं नेमलेल्या माणसानं पाहिली नाही.

"झाली काय, माय?" त्यांनी हळूच विचारलं.

आधी कौशल्या हसली, मग मागची माणसं, आणि शेवटी चंपतरावांनाही दुपट्टा पुन्हा तोंडाशी न्यावा लागला, पण तो हसू लपवायला.

यापुढे सगळं गोड झालं असं नाही. दोन घरांनी या घरचं विरजण मागणं बंद केलं. पण कौशल्येनं शेवयांच्या वेळी प्रेमिलेला हाताला धरून नेलं, आणि तिच्याशी वाकडं घ्यायची हिंमत गल्लीत कोणाचीच नव्हती. रोज सकाळी गोळी पाहायचं कामही तिनंच घेतलं. पहिल्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात चुलीशी बसून ते चोख पार पाडलं. रुपरावांना सुट्टी मिळाली. ते बाहेरच्या खोलीत खाटेवर पडले आणि दुपारपर्यंत छताकडे पाहत राहिले. त्या रात्री मशीनवर ते एका ओंडक्यावर अडखळले आणि लंगडत घरी आले.

"काकू, तुमी पाहत जा," दुसऱ्या सकाळी प्रेमिला म्हणाली, "पन दारात या. त्यायले आवाज गेला पायजे."

तेव्हापासून डोळे कौशल्येचे आणि कान रुपरावांचे, असा पहारा चालला. थंडी गेली, उन्हाळा गेला, पाऊस आला आणि गेला. पुढच्या दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"साफ," त्या म्हणाल्या. "आता गोळ्या बंद." मग त्या उठून बाकापाशी गेल्या. "रुपराव, हे तुमचं काम. मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देणार आहे. एवढे दिवस रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत ना?"

रुपराव या वेळी जागे होते, आणि जागेपणी त्यांना खोटं बोलता येत नसे.

"नाई बाई," ते म्हणाले. "एकडावबी नाई."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "मग यांनी गोळ्या घेतल्या कशा?"

भासऱ्यासमोर प्रेमिला कधी बोलत नसे. छपरीत बोलली ते एकदाच. आता ती पदर सावरून दुसऱ्यांदा बोलली.

"बाई, रातभर जागून येते तो मानूस. मी गोळी घेतली का तेवढ्या आवाजानं झोपते. नाई घेतली तं डोळे उघडे ठेवून पडून राहते. पयल्या दिवशी मी गोळी मुठीतच ठेवली होती. पाठमोरे बसले होते, काई कळलं नसतं. पन ते झोपेनाच. मंग मी घेतली. तवापासून घेतच गेली."

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रुपरावांकडे. रुपराव जमिनीकडे पाहत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. त्यांचं उदाहरण कोणाला कसं द्यावं हे डॉक्टरीणबाईंना काही कळेना, म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

दुसऱ्या सकाळी रुपराव मशीनवरून आले. भाकर खाल्ली, हात धुतले, आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवे झाले. आता काळजीचं काही कारण नव्हतं. फुप्फुस साफ होतं, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी कूस बदलली. उशी उलटी केली. डोळे मिटले तर ओंडके नुसते आडवे पडलेले दिसत, एकही उठून उभा राहीना.

"काहून झोपत नाई गा?" प्रयागबाईंनी विचारलं.

"झोपतो नं, माय."

खाट पुन्हा करकरली. आत प्रेमिला पीठ मळत होती. तिनं थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग हात धुतले, तांब्या भरला, आणि उंबऱ्याशी येऊन रोजच्या जागी उभी राहिली. नाकापर्यंत पदर ओढून तिनं नुसत्या पाण्याचा एक मोठा घोट घेतला. गटक, असा आवाज आला.

"झाली," प्रयागबाई भिंतीच्या बाजूला म्हणाल्या.

तिकडून उत्तर आलं नाही. रुपराव झोपले होते.